पांढरीपांड्यांचं गेज

नीलकंठ पांढरीपांडे यांना जबलपुरातला अख्खा गोरखपुर मोहल्ला अण्णा म्हणायचा, आणि अण्णांचं ठाम मत होतं की जगात मोजता येत नाही अशी वस्तूच नाही, मोजणाराच कच्चा असतो. माणूस तोफांच्या सरकारी फॅक्टरीत तपासनीस. चीनची लढाई झाली आणि फॅक्टरीत रात्रंदिवस पाळ्या सुरू झाल्या, तेव्हापासून अण्णांचा रुबाब आणखीच वाढला होता. ऐन लढाईत, साहेब डोक्यावर उभा असताना, त्यांनी अख्खा लॉट परत पाठवला होता. का, तर पिना जाड होत्या! केसाएवढ्या जाड. ज्याला ही गोष्ट अण्णांनी सांगितली नाही असा माणूस गोरखपुरात सापडला असता, तर तो नुकताच बदलून आलेला असता.

अण्णांच्या हातात गेज असायचं. गेज म्हणजे लोखंडाचा दोन जबड्यांचा तुकडा. पिन पहिल्या जबड्यातून गेली पाहिजे आणि दुसऱ्यात अडकली पाहिजे. पहिल्यातून गेलीच नाही, तर ती जाड. ती कानशीनं घासून परत आणायची, त्याला म्हणायचं रीवर्क. दोन्हीतून सुळकन गेली, तर ती बारीक. तिला इलाज नाही, ती भंगार. नापास मालावर लाल मेणखडूची फुली. आणि अण्णांचा सगळ्यांत लाडका कायदा असा, की ज्यानं फुली मारली त्यानंच ती पुसायची. दुसऱ्यानं हात लावला तर अण्णा जेवत नसत.

हे सगळं फॅक्टरीत राहिलं असतं तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. पण त्या उन्हाळ्यात महाराष्ट्र मंडळात विषय निघाला तो कॉलेजचा. मंडळींची डझनभर पोरं यंदा हायर सेकंडरीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत बसली होती. मागल्या वर्षी मंडळातल्या पोरांनी सरकारी कॉलेजात सरसकट अर्ज केले होते, आणि तिथल्या निवड समितीसमोर एकाला न्यूटन कोण ते सांगता आलं नव्हतं. मंडळाचे सेक्रेटरी पुंडलिकराव ती आठवण काढून अजून कपाळावर हात मारत.

"यात काय अवघड आहे?" अण्णा म्हणाले. "मिलिटरीचा इन्स्पेक्टर यायच्या आधी आम्ही आपला माल घरीच तपासून घेतो. पोरं पण तपासून घेऊ. जो बसला तो कॉलेजात, नाही बसला तो घरी. मी गेज बनवून देतो."

मंडळी खूश झाली. तपासणी ठरली, पेपर अण्णा काढणार, तपासणारही अण्णाच. शंभरापैकी पंचेचाळीसच्या खाली जो राहील तो बारीक, हे सगळ्यांना पटलं, कारण कॉलेजलाही तेवढेच लागत. मग अण्णांनी फळ्यावर दुसरा आकडा लिहिला. सत्तरच्या वर जो जाईल तो जाड.

पुंडलिकरावांनी चष्मा सारखा केला. वरची मर्यादा काहून, असं त्यांनी हळूच विचारलं.

"पुंडलिकराव, एका जबड्याचं गेज पाहिलं तुम्ही कधी? पिन जाड झाली तर भोकात जाईल का? नाही. पोराचं तसंच. जास्त झालं की वर्गात बसत नाही. प्रोफेसरशी वाद घालतं, प्रोफेसर चिडतो, आणि पुढच्या साली मराठी पोरगं दिसलं की दारातूनच वापस."

पुंडलिकरावांनी मान डोलावली. त्यांच्या शशिकांतला त्या बाजूनं धोका नव्हता. खरं म्हणजे धोका कुणालाच नाही अशी अण्णांची खात्री होती. सत्तरच्या वर जाणारं कारटं या मंडळात जन्माला यायचं होतं. तो आकडा त्यांनी कायद्यासाठी लिहिला होता, कुणाला पाडण्यासाठी नाही.

आता खरी मेख. अण्णांची एकुलती एक लेक बेबी हीसुद्धा त्या डझनात होती. शाळेतलं नाव विनता, पण ते फक्त हजेरीत. पोरगी सायन्सला जायचं म्हणत होती. अण्णांच्या मनातही तेच होतं. स्वतः त्यांनी मॅट्रिकच्या वर्षी, वडील गेले म्हणून, पुस्तकं गुंडाळून फॅक्टरीचा रस्ता धरला होता. कॉलेजवरून सायकलनं जाताना त्यांची मान अजूनही आपोआप तिकडे वळायची. लेक त्या फाटकातून आत जाताना पाहायची, एवढी एकच हौस त्यांनी आयुष्यात बाकी ठेवली होती. पण हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण हौस कशानं मोजायची ते त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि घरात रामराव येऊन बसले होते. रामराव म्हणजे अण्णांचे मेहुणे, बायको अनसूयाबाईंचे थोरले भाऊ, मुक्काम अमरावती. नर्मदेच्या स्नानाला म्हणून आले ते महिना झाला तरी हलायचं नाव नाही. रोज सकाळी ग्वारीघाटला डुबकी मारायची आणि आल्यावर इटारसीच्या स्थळाचं तुणतुणं लावायचं. मुलगा रेल्वेत, घरचं दूधदुभतं, एकदा आषाढ लागला की मुहूर्त संपले. निकालाची वाट पाहत बसाल तर मुलगा हातचा जाईल, हे पालुपद.

एका जेवणात हा विषय फारच चढला. अनसूयाबाई भावाकडे एकदा आणि नवऱ्याकडे एकदा पाहत पोळ्या वाढत होत्या. बेबी खाली मान घालून भात चिवडत होती. शेवटी अण्णांनी तांब्यातलं पाणी हातावर घेतलं आणि सोडलं.

"ठरलं तर मग. रविवारी गेज लागणार आहेच. बेबी गेजात बसली तर कॉलेज. नाही बसली तर तुम्ही इटारसीला तार करा, मी अक्षरानं बोलणार नाही."

रामरावांनी लगेच अनसूयाबाईंना साक्षीला ठेवलं. अण्णांच्या मनात शंकाच नव्हती. त्यांच्या हिशेबानं बेबी म्हणजे पंचावन्नची पोरगी. हा हिशेब कुठून आला होता, म्हणाल, तर कुठूनच नाही. ओव्हरटाईमच्या धबडग्यात तिच्या प्रगतिपुस्तकावर अनसूयाबाईच सही करत आल्या होत्या, तिचं अक्षरसुद्धा अण्णांनी कधी पाहिलं नव्हतं. पोरगी घरात बोलायची कमी, अंगानं किरकोळ, तेव्हा मधलीच असणार, असं अण्णांनी आपलं नजरेनं मोजलं होतं. दुसऱ्या कुणी असं नजरेनं मोजलं असतं तर अण्णांनी त्याला फॅक्टरीच्या गेटबाहेर काढलं असतं.

पेपरसाठी अण्णांनी बाजारातून एक जाडजूड कुंजी आणली. प्रश्न तिच्यातले, उत्तरंही तिच्यातलीच. रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये पोरं सतरंजीवर बसली. कागदावर नावं घालायची नाहीत, फक्त नंबर, कारण कुठली पिन कुणी बनवली हे तपासनिसाला कळता कामा नये. अण्णा मागे हात बांधून फिरत होते. शशिकांत छताकडे पाहत होता. बेबी मात्र मान वर न करता लिहीतच होती. मध्येच तिनं उठून आणखी कागद मागितले. घाबरली पोरगी, खोडाखोड करून राहिली, असं त्यांना वाटलं. तरी त्यांनी कागद दिले आणि पुढे चालू लागले. गेजला बाप नसतो.

दुपारी अण्णा हॉलमध्येच कुंजी उघडून पेपर तपासायला बसले. पुंडलिकराव नंबरांचा लिफाफा घेऊन शेजारी. बरेचसे पेपर ठीक. एक जण सुळकन गेला, त्यावर फुली. मग सात नंबरचा पेपर आला, आणि अण्णा एकेक उत्तर कुंजीशी लावत गेले. सगळी बरोबर. एका गणिताची तर कुंजीतलीच रीत लांबलचक होती, सात नंबरानं ती चार ओळींत उरकली होती. बेरीज झाली ब्याण्णव.

अण्णांना खरं तर आनंदच झाला. कायद्यासाठी केलेली वरची मर्यादा कामाला आली! त्यांनी मेणखडू घेतला आणि पेपरावर अशी दणदणीत फुली मारली की कागद फाटता फाटता राहिला.

संध्याकाळी हॉल भरला. आया, बाप, रामराव, सगळे. अण्णांनी सात नंबरचा पेपर हातात उंच धरला आणि वरच्या जबड्याचं महत्त्व पुन्हा समजावून सांगितलं. हा नमुना बघा म्हणाले. याला घरी कोणी आवरत नाही वाटतं. अशा दीडशहाण्याला कॉलेजात पाठवलं तर मंडळाचं नाक कापलं जाईल. याच्या बापाला माझी विनंती आहे, की त्यानं आधी पोराला चांगलं घासून काढावं.

लोक हसले. रामराव सगळ्यांत मोठ्यानं. पुंडलिकरावांनी लिफाफा फोडला, नंबर पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अण्णा, हे तर आपली बेबी आहे."

हॉलमध्ये कोणाला तरी ठसका लागला. अण्णांचा पेपर धरलेला हात वरच राहिला. बेबी आईच्या मागे बसली होती, तिनं मान खाली घातली होती. अण्णांना दोन गोष्टी एकदम झाल्या. छाती अशी भरून आली की कोटाची बटणं तुटावीत, आणि पायाखालची जमीन निघून गेली. लेक ब्याण्णव, आणि लेक नापास. शशिकांत पन्नासला बरोबर मधोमध बसला होता, त्याची आई शेजारणीला पेढ्यांबद्दल विचारत होती.

घरी आल्यावर रामरावांनी तारेचा मजकूर तोंडीच म्हणून दाखवला. अण्णा म्हणाले, थांबा, जाड माल भंगार नसतो, त्याला रीवर्क असतं, पुढच्या रविवारी पुन्हा तपासणी.

"तेच तर म्हणून राहिलो मी, भाऊजी!" रामराव म्हणाले. "लग्न म्हणजे दुसरं काय असते? कानसच असते ना! सासरी गेली की सहा महिन्यांत बरोबर मापात येईल."

अनसूयाबाईंनी यावर भावाच्या पुढ्यातली चहाची कपबशी उचलून नेली. चहा अजून अर्धा होता.

अण्णांना त्या आठवड्यात अन्न गोड लागेना. मर्यादा खोडून टाकावी असं एकदा मनात आलं, पण मग त्या परत पाठवलेल्या लॉटचं काय? लोक म्हणतील, लेकीवर आलं तेव्हा जबडा वाकवला. शेवटी गुरुवारी ते बेबीच्या शेजारी जाऊन बसले आणि इकडेतिकडे पाहत म्हणाले, की बाई, पुढच्या पेपरात दोनचार गणितं सोडून दे. रसायनाचं तर बघूच नको. साठपर्यंत ये आणि थांब.

"येत असून लिहू नको?" बेबीनं विचारलं.

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच अण्णांना ते जास्त लागलं. हे त्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं. पिना काही विचारत नाहीत. ते उगीच सायकलच्या चाकात हवा भरायला निघून गेले. चाकात हवा होती.

रविवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या अधारतालहूनसुद्धा माणसं आली होती, कारण बापानं लेकीला जास्त येतं म्हणून नापास केलं ही खबर एव्हाना तिथवर पोचली होती. रामरावांनी तारेचे पैसे खिशात सुटे करून ठेवले होते. अण्णांनी नवा पेपर बेबीच्या हातात दिला. तिनं तो वाचला, घडी घातली आणि उभी राहिली. घरात आवाज न ऐकू येणारी पोरगी, पण शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं.

"अण्णा, फॅक्टरीत तुमचं गेज कोणी तपासते का?"

अण्णांचा हा आवडता विषय. कुठे काय बोलतो आहोत हे विसरून ते सुरू झाले. तपासतात म्हणजे काय, दर महिन्याला तपासतात. वापरून वापरून जबडा झिजतो. न तपासलेल्या गेजानं माल मोजणं याच्यासारखा गुन्हा नाही. असं मोजलेलं सगळं रद्द धरतात.

"मग हे गेज तपासलं का?" बेबी म्हणाली. "पेपर तुम्ही काढला, मर्यादा तुम्ही घातली. म्हणजे गेज तुम्हीच ना?"

रामराव म्हणाले, पोरगी बापाला उलटं बोलून राहिली, हे बरं दिसते का. पण अण्णांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. एवढ्या वर्षांत कुणी त्यांच्याशी तपासणीचं इतकं शुद्ध बोललं नव्हतं. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला, बेबीच्या हातातला पेपर घेतला आणि पोरांच्या सतरंजीवर मांडी घालून बसले. त्यांचा हात सवयीनं कुंजीकडे गेला, तेवढ्यात अनसूयाबाईंनी ती उचलली आणि सरळ आपल्या मांडीखाली घेतली.

मग अण्णा लिहू लागले. त्रिकोणाची आकृती त्यांनी अशी काढली की छापावी. पण त्या आकृतीचं पुढे काय करायचं, ते काही केल्या आठवेना. रसायनाच्या पानावर घाम टपकला. हिंदी निबंध मात्र त्यांनी झोकात लिहिला, फक्त तो मराठीत होता, शेवटी तेवढा "है" लावला होता. डझनभर पोरं, कालपर्यंत ज्यांना अण्णांची भीती वाटायची, आता बाहीआड तोंड लपवून बसली होती.

पेपर बेबीनंच तपासला. आकृतीचे पूर्ण गुण दिले. निबंधाला निम्मे दिले, तेही माया म्हणून. बेरीज केली, पुन्हा केली, आणि मेणखडू हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. आकडा तीस होता.

"किती?" अण्णांनी विचारलं.

तिनं सांगितलं.

"बारीक," अण्णा म्हणाले. "म्हणजे भंगार. मग थांबली काहून? फुली मार."

बेबीच्या डोळ्यांत पाणी आलं. कागदावर मारते म्हणाली. अण्णांनी मान हलवली. गेजच भंगार निघालं, तर फुली कागदावर नसते, गेजावर असते. त्यांनी डोक्यावरची काळी टोपी काढली आणि दोन्ही हातांनी लेकीपुढे धरली. मराठी माणूस टोपी अशी पुढे धरतो ती फार नडला तरच. बेबीनं ओठ चावून टोपीवर एक छोटी लाल फुली काढली. अण्णांनी टोपी परत डोक्यावर चढवली आणि सभेला सांगितलं, की भंगार गेजानं मोजलेलं सगळं रद्द. कुणी जाड नाही, कुणी बारीक नाही, आता निकाल लागेल तेव्हा काय ते कॉलेज बघेल.

सगळ्यांत जास्त भांडले ते पुंडलिकराव. आमचा शशी तर बरोबर बसला होता, त्याचं काहून रद्द करता, असं ते पुष्कळ वेळ म्हणत होते. पेढे वाटून झाले होते ना!

इटारसीची भानगड आपोआप मिटली. रामरावांनी तार करायच्या आत तिकडूनच पत्र आलं. मुलीला फार येतं असं कानावर आलं आहे, आमचा मुलगा साधा आहे, तरी क्षमा असावी. रामरावांनी त्या दिवशी ग्वारीघाटला तीन डुबक्या जास्त मारल्या आणि संध्याकाळची गाडी धरली.

टोपीवरची फुली मात्र तशीच होती. अनसूयाबाईंनी दोनदा पुसायला घेतली, अण्णांनी दोनदा हिसकावली. ज्यानं मारली त्यानंच पुसायची. आणि बेबीला सांगायला अण्णांना लाज वाटत होती. फॅक्टरीच्या गेटवर दरबान रोज विचारायचा, "पांडेजी, टोपी पे ये क्या है?" अण्णा सांगायचे, "रिजेक्शन." आणि ताठ मानेनं आत जायचे.

निकाल लागला. बेबीला पहिला वर्ग मिळाला. ॲडमिशनच्या दिवशी अण्णांनी रजा टाकली, ओव्हरटाईमच्या दिवसांत, आयुष्यात पहिल्यांदा. सायकल धरून ते कॉलेजच्या फाटकाबाहेर उभे राहिले आणि लेक आत जाताना त्यांनी डोळे भरून पाहिली. एकदा डोळे पुसून परत पाहिली. बेबी बाहेर आली ती पावती घेऊन.

काय काय तपासलं, असं अण्णांनी अधीर होऊन विचारलं. काही नाही, ती म्हणाली. मार्कशीट पाहिली, पाहिजेत तेवढे मार्क आहेत का बघितलं, आणि फी भरून घेतली.

"आणि वरची मर्यादा?"

"नाही आहे अण्णा."

बेबी मागे कॅरिअरवर बसली आणि सायकल गोरखपुरकडे निघाली. अण्णा पायडल मारत तावातावानं बोलत होते. वरची मर्यादाच नाही म्हणजे काय? एका जबड्याचं गेज! त्या प्रिन्सिपॉलला एकदा भेटून समजावलं पाहिजे. आणि असं बोलत असताना त्यांना जाणवलं, की मागून कोणीतरी टोपी हलकेच धरून पदरानं घासतं आहे. अण्णा बोलायचे थांबले. घर येईपर्यंत त्यांनी मान जरासुद्धा हलू दिली नाही, इतकं बरं त्यांना वाटत होतं.

पण मेणखडू तो मेणखडू, पुसून थोडाच जातो! तो पसरला. एवढीशी फुली होती, तिथे आता अर्धी टोपी लाल झाली होती. दुसरी टोपी होती, पण अण्णांनी हीच घातली.

सकाळी गेटवर दरबानानं त्यांना पाहिलं आणि हात जोडून पुढे आला.

"अरे वा पांडेजी, इतना गुलाल! बिटिया की शादी हो गई क्या?"

"नहीं भैया," अण्णा म्हणाले आणि टोपी आणखी जरा पुढे ओढली. "ॲडमिशन हो गया."